कारवानीची पारख: उंचीआधी वंशावळ विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर श्वान प्रदर्शनाची बातमी वाचली. पहिल्या आलेल्या कारवानी नराचा, म्हणजे आपल्याकडच्या सडपातळ, वेगवान शिकारी जातीच्या कुत्र्याचा, फोटोही पाहिला. नर देखणा आहे, त्यात शंका नाही. बातमीत त्याची उंची होती, रंग होता, त्याच्या पिल्लाला काय भाव येतो तेही होते. पण त्याचा बाप कोण, आई कोणाच्या घरची, आजवर त्याची जी पिल्ले झाली ती कशी निघाली, याची एक ओळही नव्हती. चाळीस वर्षे जत तालुक्यात कारवानी पाळत आलो, म्हणून हे पत्र लिहिण्याचा अधिकार सांगतो.

बक्षीस एका कुत्र्याला मिळते, पण त्याचा परिणाम सगळ्या जातीवर होतो. फोटो छापून आला की पंचक्रोशीतल्या माद्या त्याच नराकडे जातात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात असाच एक नर लागोपाठ प्रदर्शने जिंकत गेला. तीन-चार तालुक्यांतून लोक जीपमध्ये मादी घालून त्याच्या मालकाच्या दारात उभे राहायचे. दोन-तीन वर्षांत अवस्था अशी झाली, की ज्या वस्तीवर जावे तिथले पिल्लू त्याचेच. मग त्याच्या लेकी माजावर आल्या, त्यांना त्याचेच पोरगे लावले गेले. मीही तेच केले. त्या वेताला सात पिल्ले झाली. दोन पहिल्या आठवड्यात गेली. एकाचा खालचा जबडा आखूड होता, त्याला आईचे दूध नीट ओढता येईना. एका नराचे एक अंड शेवटपर्यंत खाली उतरले नाही. उरलेली तीन दिसायला उत्तम होती आणि लगेच विकली गेली. त्या तिघांच्या रक्तात काय गेले असेल, हा विचार मला आजही सोडत नाही.

प्रदर्शनाच्या रिंगमध्ये, म्हणजे कुत्री दाखवण्याच्या आखलेल्या जागेत, परीक्षकाला एका कुत्र्यासाठी दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात तो दात तपासतो, नराची दोन्ही अंडे आहेत का हे हाताने बघतो, छातीची खोली, कंबरेचा ताण, पळवून चाल बघतो. हे सगळे योग्यच आहे. पण हृदयाचे ठोके, खुब्याचा सांधा, बहीण-भावंडांची प्रकृती, मादी किती वेळा व्यायली, हे त्याला तिथे कसे दिसणार? ते कागदावरच असायला हवे, आणि तो कागद रिंगमध्ये शिरण्याआधी मागायला हवा.

विलायतेत हे लोक आपल्या आधी शिकले, तेही ठेच लागल्यावर. २००८ साली बीबीसीने शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या आजारांवर माहितीपट दाखवला आणि मोठी खळबळ झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्ख्या बहीण-भावांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. २०१२ च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात ज्या जातींबद्दल जास्त काळजी होती, त्यांच्या विजेत्यांची पशुवैद्याकडून तपासणी झाली. त्यात जातीत पहिले आलेले पेकिनीज आणि बुलडॉग नापास झाले, त्यांना पुढच्या फेरीत उतरू दिले नाही. तिथल्या जुन्या केनेलवाल्यांना हे फार लागले. मला मात्र वाटते, त्या दिवशी पशुवैद्याने जे केले ते आपल्याकडे प्रत्येक प्रदर्शनात व्हायला हवे.

आपल्या कारवानीचे अजून तसे काही बिघडलेले नाही. पगासारखे नाक आत गेलेले नाही, जर्मन शेफर्डसारखी पाठ उतरती केलेली नाही. धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी हा कुत्रा रानात पळण्यासाठी जपला. जो धापा टाकायचा त्याची पैदास कोणी करत नव्हते. सशाच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे पारख रानातून उठून मांडवात आली, हे परीक्षकांनी ओळखले पाहिजे. पूर्वी जे काम रान करायचे, ते आता त्यांना करायचे आहे.

दुसरा धोका शर्यतींचा. वेग वाढावा म्हणून कारवानीत ग्रेहाउंड या विलायती पळणाऱ्या जातीचे रक्त घालतात आणि पिल्लू शुद्ध कारवानी म्हणून विकतात. जातीबाहेरचे रक्त आणणे हे नेहमीच पाप आहे, असे मी म्हणत नाही. डाल्मेशियनचे उदाहरण आहे. त्या जातीत लघवीतले युरिक ॲसिड इतके वाढलेले होते, की मूतखड्याने कुत्री हैराण व्हायची, आणि शुद्ध जातीत निरोगी जनुक उरलाच नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकेत एका जनुकशास्त्रज्ञाने एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि पुढच्या सगळ्या पिढ्या परत डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके तेच राहिले, दोष गेला. तरी अमेरिकन केनेल क्लबने ही कुत्री नोंदवून घ्यायला २०११ उजाडले. पण त्या माणसाने प्रत्येक पिढीची नोंद ठेवली होती आणि हेतू उघड सांगितला होता. आपल्याकडे संकर रात्री होतो आणि सकाळी पिल्लू खानदानी ठरते.

नोंदीचा विषय निघालाच आहे, तर नावाचा घोळही सांगतो. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कारवान हाउंड म्हणते, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, पंचम जॉर्ज यांना जोडी भेट दिली, ही हकीकत आमच्याकडे घरोघर सांगतात. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीटही काढले. मानाबद्दल आनंदच आहे. पण एकाच रक्ताची कुत्री दोन नावांनी दोन वह्यांत विभागली गेली, आणि वाड्या-वस्त्यांवरची तर कुठल्याच वहीत नाहीत. कोणाचे कोणाशी नाते हे कळणार कसे? कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र काढले. आपल्याकडे शिरवळ आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. त्यांनी सांगली, सोलापूर, लातूरकडच्या कारवानींची मायक्रोचिप लावून नोंद आणि रक्ततपासणी हाती घेतली, तर माझ्यासारखे लोक कुत्री घेऊन स्वतःहून येतील.

पैदाशीचे नियम तर २०१७ पासून आहेतच. दीड वर्षाच्या आत मादी भरवायची नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचच्या वर नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आमच्या बाजारात पाच आठवड्यांचे पिल्लू पोत्यातून येते आणि घेणारा खुशीत घेऊन जातो. पोटात जंत, लस नाही, आठवड्यात पार्व्हो या विषाणूच्या रोगाने रक्ताचे जुलाब. हे मी किती वेळा पाहिले असेल, मोजणे सोडून दिले.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे वेगळे. कारवानीच्या शेवटच्या बरगड्या आणि माकडहाडाजवळची हाडे दिसतात, ती दिसायलाच हवीत. पुण्याला गेलेली माझी एक मादी वर्षभराने भेटायला गेलो तर ओळखू येईना, इतकी फुगवली होती. मालकीणबाईंना वाटत होते ती उपाशी आहे. आमच्याकडे मक्याच्या कण्या, ताक, भाकरी, कधी अंडी यावर ही कुत्री वाढली, आणि रोज मोकळे पळणे. फ्लॅटमध्ये ठेवायचा असेल तर हे पळणे कुठे देणार, याचे उत्तर आधी हवे.

आणि भुलीबद्दल. माझ्या हरणी नावाच्या मादीच्या गर्भाशयात पू झाला तेव्हा एका शहरातल्या दवाखान्यात वजनावर हिशेब करून भूल दिली गेली. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभी राहिली नाही. रात्रभर मी तिच्या तोंडावर ओला कपडा फिरवत बसलो होतो. या अंगाच्या कुत्र्यांत चरबी फार कमी असते, त्यामुळे काही भुलीची औषधे रक्तात जास्त वेळ राहतात. ग्रेहाउंडबद्दल हे पशुवैद्यकात जुने ज्ञान आहे. मालकाने टेबलावर घेण्याआधी स्वतः आठवण करून द्यावी, डॉक्टर रागावणार नाहीत.

माझी सध्याची मादी तीन वर्षांची आहे, येत्या थंडीत माजावर येईल. तिच्यासाठी बक्षीसवाला नर नको म्हणून ठरवले. मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळाकडे आठ वर्षांचा नर आहे, अजून मेंढरांमागे दिवसभर चालतो, दात शाबूत, त्याची दोन वेते मी स्वतः पाहून आलो. त्याचा फोटो कुठे छापून आलेला नाही. आपल्या प्रतिनिधीला यायचे असेल तर मी त्याला तिथे घेऊन जाईन.

आपला नम्र,
एक कारवानीपालक शेतकरी
ता. जत, जि. सांगली