चार बोटांचं अंतर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, दोन वर्षं धावून वेळ सुधारली ती तीन शतांश सेकंदानं. एवढ्यासाठी मी पहाटे साडेचारला उठते का गं?" त्यावर मी "जेवलीस का?" एवढंच विचारून फोन ठेवला. उत्तर सुचलं नाही, खरंच. आजही सगळं सुचलंय असं नाही, पण बोलण्यापेक्षा लिहिताना मी जरा धड असते, हे तुझ्या बाबांनाही मान्य आहे.

तू पाच वर्षांची होतीस. नोव्हेंबर २०१०, ग्वांगझूची एशियाड. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं दहा हजार मीटरमध्ये रौप्य मिळवलं, तेव्हा टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे मुलींची शंभर मीटरची फायनल लागली, तेव्हा घरात मी, मेथीची जुडी आणि माझ्या मांडीवर झोपलेली तू. एक किरकोळ अंगाची जपानी मुलगी जिंकली. चिसातो फुकुशिमा, ११.३३ सेकंद. दुसरी आली उझबेकिस्तानची गुझेल खुबिएवा, ११.३४. मी मेथी खाली ठेवली. एका शतांशाचं सुवर्णपदक मी तोवर पाहिलं नव्हतं. मग तिनं दोनशेही जिंकली. शंभर मीटरमध्ये जपानी बाईला एशियाडचं सुवर्ण ४४ वर्षांनी मिळत होतं, हे मला कितीतरी नंतर कळलं.

तू धावायला लागलीस तशी मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. ती होक्काइदोची, माकुबेत्सु गावची. तिकडे हिवाळाभर बर्फ. त्याच गावच्या ताकागी बहिणी बर्फावरच्या स्केटिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकल्या, म्हणजे गाव कशासाठी आहे ते ओळख. धावण्यासाठी मुलं तिथून दक्षिणेकडे जायची. ही गेली नाही. एनिवा गावी नाकामुरा सरांच्या हाताखाली, छपराखालच्या ट्रॅकवर तिनं हिवाळे काढले. २००८ मध्ये बीजिंगला पोचली. ऑलिंपिकच्या शंभर मीटरमध्ये जपानी मुलगी ५६ वर्षांनी उतरत होती. पहिल्याच फेरीत बाद झाली.

आता मुद्द्याचं. २०१० च्या एप्रिलमध्ये हिरोशिमाला ती ११.२१ धावली. जपानचा विक्रम. मे महिन्यात दोनशे मीटर २२.८९, तोही विक्रम. वय एकवीस. पुढच्या वर्षी देगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर आणि दोनशे, दोन्हींत उपांत्य फेरी. जपानच्या कुठल्याही बाईला आधी हे जमलं नव्हतं. बघणाऱ्याला वाटणार की आता अकराच्या आत येणार.

शंभर मीटरची ती वेळ तिला पुन्हा कधीच जमली नाही. ११.२१ ते ११.२१. दोनशेचा विक्रम मात्र तिनं सुधारला, जून २०१६ मध्ये, नागोयाला. २२.८८.

सहा वर्षं, आणि एक शतांश.

मी कागदावर हिशेब मांडला. त्या वेगानं एका शतांशात माणूस पावणेनऊ सेंटिमीटर पुढे सरकतो. माझी चार बोटं आणि वर थोडं. दोनशे मीटरमध्ये चार बोटं! आणि या सहा वर्षांत ती बसून नव्हती. शंभर मीटरचं राष्ट्रीय अजिंक्यपद २०१० पासून सलग सात वेळा तिच्याकडेच राहिलं. म्हणजे दर वर्षी घरात सगळ्यांत वेगवान तीच, आणि स्वतःच्याच जुन्या आकड्याच्या मागे. तिला रोज पहाटे काय वाटत असेल ते मला माहीत नाही. तुला कदाचित माहीत असेल.

नागोयानंतर सगळं गोड झालं असंही नाही. रिओला दोनशेच्या पहिल्याच फेरीत संपलं. २०१७ मध्ये राष्ट्रीय जेतेपदांची मालिका तुटली. टाचेवरच्या शिरेनं, अकिलीसनं, पिच्छा सोडला नाही. टोकियोचं ऑलिंपिक घरात होतं, त्यात ती नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये तेहतिसाव्या वर्षी निवृत्त झाली, तेव्हा दोन्ही विक्रम तिच्याच नावावर होते.

तिच्याच क्लबात एक अडथळ्यांची धावपटू होती, तेरादा आसुका. तिनं २०१३ मध्ये सोडून दिलं, लग्न केलं, मुलगी झाली, मध्ये रग्बीही खेळली. मग परत आली आणि २०१९ मध्ये १२.९७ धावून जपानचा विक्रम केला. टोकियोत उपांत्य फेरीपर्यंत गेली. हे तुला परत येण्याची लालूच म्हणून सांगत नाहीये. सोडणारी नापास आणि टिकणारी पास, असं त्या क्लबात तरी दिसत नाही, एवढंच.

तुझी टायमिंगची शंभर पानी वही काल माळ्यावरून काढली. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात दोनशे मीटर, २५.९. त्याच महिन्यात पुढे २६.२, आणि बाजूला तू पेनानं कागद फाटेपर्यंत गिरगटलंयस. आठवतंय? तू मंद झाली नव्हतीस. आधीचं घड्याळ माझ्या हातात होतं, नंतरचं इलेक्ट्रॉनिक. सुरुवातीला माझा अंगठा उशिरा दाबायचा, आणि शेवटाला तू रेषेवर यायच्या आधीच घाई करायचा. हा जवळपास पाव सेकंदाचा फरक सगळ्यांचाच पडतो, हे सरांनी नंतर समजावलं. तोवर तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मला अजून त्याची चुटपुट आहे. लेकीला खोटं सांगितल्यासारखं वाटलं होतं.

म्हणजे ज्या तीन शतांशांवर तू रविवारी रडलीस, ते माझ्या घड्याळात दिसलेच नसते. हातानं मोजलेली वेळ दशांशापर्यंतच लिहितात, तीही वरच्या आकड्याला. माझ्या वहीप्रमाणे तू दोन वर्षं जागची हललेली नाहीस. खऱ्या घड्याळाप्रमाणे हलली आहेस, वीतभर तरी.

ते पुरेसं आहे का, ते मी ठरवणार नाही. माझे पाय नाहीत ते. बाबांना वाटतं तू यंदाची परीक्षा नीट द्यावीस. मलाही वाटतं, पण त्यांच्याएवढं मोठ्यानं नाही.

डिंकाचे लाडू पाठवतेय, अर्धे तुझे आणि अर्धे रूममेटचे, मागच्यासारखं करू नकोस. स्पाइक्सच्या पिना झिजल्या म्हणाली होतीस. सहा मिलिमीटरच्या हव्यात का ते कळव, दुकान सोमवारी बंद असतं. नको असतील तर तसंही कळव.

तुझी,
आई