पैसे नकोत, ब्लॅक हिल्स परत द्या

प्रति,
मा. डग बर्गम,
अंतर्गत खात्याचे मंत्री, अमेरिका

महोदय,

1980 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांची भरपाई म्हणून सू या मूळनिवासी लोकांना (लाकोटा त्यांच्यातलेच) व्याजासह सुमारे साडेदहा कोटी डॉलर मंजूर केले. ती रक्कम आज शंभर कोटींच्या वर गेली आहे आणि तशीच पडून आहे. पाइन रिजसारख्या, त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या आणि देशातल्या अत्यंत गरीब वस्तीतल्या माणसांनीसुद्धा तिला हात लावलेला नाही. पैसे घेतले की जमीन विकल्यासारखे होईल, आणि हे डोंगर त्यांना कधीच विकायचे नव्हते. ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ मागणारे धरणग्रस्त पाहिलेल्या आम्हा मराठी माणसांना हा नकार चांगलाच कळतो.

अमेरिकी सरकारशी झालेल्या 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने हा मुलूख त्यांचा ठरला. तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय त्यातला तुकडाही घ्यायचा नाही, असे तहातच लिहिले होते. 1874 मध्ये अमेरिकी लष्करातल्या कस्टरची फौज डोंगरात शिरली, सोने सापडल्याची बातमी फुटली आणि खाणवाल्यांची रीघ लागली. मग ऑगस्ट 1876 मध्ये काँग्रेसने, म्हणजे आपल्या संसदेने, ठरवले : डोंगर सोडा, नाहीतर शिधा बंद. बायसनचे कळप संपत आले होते, लोकांची घोडी आणि बंदुका काढून घेतल्या जात होत्या, पोट सरकारी शिध्यावरच होते. पोरेबाळे उपाशी राहतील या धाकानेही सह्या मिळाल्या त्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या. तरी 28 फेब्रुवारी 1877 ला कायदा झालाच. याला व्यवहार म्हणत नाहीत, लूट म्हणतात.

2012 साली ब्लॅक हिल्समधले पे स्ला हे पवित्र माळरान विक्रीला निघाले, तेव्हा या लोकांनी वर्गणी काढून, कोट्यवधी रुपयांच्या मोलाने आपलीच जमीन विकत घेतली. आणखी किती वेळा विकत घ्यायची त्यांनी?

कोणाचे घर वा शेत काढून घ्या, असे माझे म्हणणे नाही. सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या 1985 च्या विधेयकातही मागणी फक्त सरकारी जमिनीची, सुमारे 13 लाख एकरांची होती. असे करता येते. 1970 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ताओस पुएब्लो या मूळनिवासी जमातीला ब्लू लेक हे तिचे पवित्र सरोवर आणि भोवतालची 48 हजार एकर जमीन परत मिळाली. त्यांनीही आधी पैसे नाकारले होते.

आपण नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर होता, तिथल्या स्टँडिंग रॉक वस्तीतले सू लोक आपल्याला परके नाहीत. ब्लॅक हिल्समधली विंड केव्ह ही गुहा आणि तिचे राष्ट्रीय उद्यान तर आपल्याच खात्याकडे आहे. तिथल्या खडकातल्या दीड वितीच्या तोंडातून वारा आत-बाहेर करतो आणि आपले पूर्वज तिथूनच पृथ्वीवर आले, अशी लाकोटांची श्रद्धा आहे. कायदा काँग्रेसने करायचा, हे मान्य. पण विंड केव्हपासून सुरुवात करणाऱ्या विधेयकाला आपल्या खात्याचा लेखी पाठिंबा द्या, आणि त्याचा मसुदा लाकोटांच्या प्रतिनिधींसोबत बसून करा.

आपला,
अमेरिकेत राहणारा एक मराठी करदाता