वाडा उतरवताना तुळयांवर नंबर घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या मल्हारगंजात आमच्या गल्लीतला सागवानी वाडा या उन्हाळ्यात जेसीबी लावून पाडला. खांब करवतीने कापून ट्रकमध्ये भरले, तुळईला आधार देणारे केळफुलाचे कोरीव हस्त सरपणात गेले. बघवत नव्हतं.

पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यावर मुलीकडे स्वित्झर्लंडला गेलो, तेव्हा ब्रिएन्झजवळचं बालेनबर्ग मुद्दाम पाहिलं. १९७८ साली सुरू झालेल्या या खुल्या संग्रहालयात देशभरातली शंभरावर जुनी घरं मूळ जागेवरून उतरवून पुन्हा उभी केली आहेत. हे जमतं कसं, ते घराच्या कोपऱ्याशी उभं राहिलं की कळतं. चौकोनी तासलेले ओंडके आडवे रचून, टोकाला खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. नंबर घालायचे, नकाशा काढायचा, सुटे करायचे, कुजलं असेल तेवढंच बदलायचं. तिकडच्या वाले प्रांतात स्वयंपाकघराचा भाग दगडी आणि राहत्या खोल्या लार्चच्या लाकडाच्या. उन्हाची बाजू तापून तापून काळीभोर झालेली. धान्याची कोठारं खुंटांवर, आणि प्रत्येक खुंटावर रुंद दगडी चकती. उंदीर तिथेच अडतो! छपरं भिंतीच्या बरीच पुढे काढलेली, बर्फ-पाऊस लाकडाला लागू नये म्हणून.

आपल्या राजवाड्याचेही खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत काय गमावलं ते माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. जुन्या वाड्यांचे खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, तुळया खाचेत बसवलेल्या असतात. म्हणजे तेही सुटे करता येतात. मी पाहिलेल्या बहुतेक वाड्यांत खांबाचा तळाचा हातभर भाग तेवढा ओलीने गेलेला होता, वरचं सागवान ठणठणीत.

पावसाळ्याआधी जर्जर घरांना नोटिसा निघतात. नगर निगमने त्याआधी लाकूड कळणारा जुना सुतार सोबत नेऊन पाहणी करावी. उतरवण्यावाचून इलाजच नसेल, तर मोजमाप, फोटो आणि प्रत्येक तुळईवर नंबर बंधनकारक करावा, आणि ते लाकूड ठेवायला एखादी कोरडी शेड द्यावी. घरमालकांचीही अडचण समजते. दुरुस्तीचा खर्च एकट्याला झेपत नाही, म्हणून त्यांना घरपट्टीत सूट मिळावी.

पुढच्या नोटिसा निघायच्या आत हे व्हायला हवं. मोजमापाच्या कामाला मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, मल्हारगंज, इंदूर