आधी गिऱ्हाईक, मग ॲप

महोदय,

'एमव्हीपी म्हणजे अर्धवट माल' हा आपल्या लेखातला सूर पटला नाही. एमव्हीपी म्हणजे गिऱ्हाईकाला खरंच काय हवंय ते पाहायला आधी काढलेली, कामापुरती साधी आवृत्ती. मी आठ महिने खपून पाळणाघरांसाठी ॲप बांधलं. लॉगिन, आलेख, तीन रंगसंगती (त्या कुणी मागितल्या होत्या, देव जाणे!). पहिल्याच संचालिकाबाईंनी विचारलं, "आज कोण आलं नाही, एवढंच दिसेल का?" ते साध्या एक्सेलच्या तक्त्यात दोन दिवसांत झालं असतं.

१९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून जोड विकत घेऊन पाठवायचे. गोदाम नाही, साठा नाही. त्यातूनच झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली. आता त्या संचालिकाबाईंना मी तक्ताच करून दिलाय, रोज वापरतात.

– एक वाचक