लंडनहून बाबांस: ज्युनिअरच्या मानधनाविषयी

लंडन

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पेगासस शिष्यवृत्तीवर गेलेला वकील तिथे नेमके करतो काय, हे तुम्ही विचारले होते. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते. ही शिष्यवृत्ती देणारा, १९८७ साली स्थापन झालेला ट्रस्ट इथल्या तरुण बॅरिस्टरांना परदेशी पाठवतो आणि आमच्यासारख्या परदेशी वकिलांना काही आठवडे इथल्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसात, बसून काम पाहू देतो. कोर्टात बोलण्याची मुभा मला नाही. बॅरिस्टरच्या मागच्या बाकावर बसायचे, ऐकायचे आणि परतल्यावर शंका विचारायच्या.

परवा स्ट्रँडवरच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये एका अपिलाची सुनावणी होती. दोन्ही बाजूंनी आपला युक्तिवाद आधीच लिहून दिलेला असतो, त्याला इथे ‘स्केलेटन’ म्हणतात. न्यायमूर्तींनी तो इतका बारकाईने वाचला होता की आमच्या बॅरिस्टरबाई उभ्या राहताच, वस्तुस्थिती सांगत बसण्याऐवजी थेट सर्वांत कच्च्या मुद्द्याचे उत्तर द्या, असे त्यांनी सांगितले. ते उत्तर तयार करण्यात ज्या मुलीचा मोठा वाटा होता, ती चेंबर्समधली शिकाऊ होती, आणि खरे तर मला तिच्याविषयीच लिहायचे आहे.

बॅरिस्टर म्हणून स्वतंत्र काम करण्याआधी इथे साधारण वर्षभर ‘प्युपिलेज’ करावी लागते. पहिल्या सहामाहीत सीनिअरच्या हाताखाली शिकायचे आणि दुसऱ्या सहामाहीत स्वतः लहान प्रकरणांत उभे राहायचे. या काळात ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी पैसे देऊन चेंबर्सला शिकाऊ ठेवताच येत नाही. त्यामुळे घरी फारसे काही नसलेली ती मुलगी भाड्याची चिंता न करता संध्याकाळी निवाडे वाचत बसू शकते.

ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेच्या आवारातून जाताना हाच विचार मनात येतो. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली याच इनमधून बॅरिस्टर झाले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना सगळे अर्धवट टाकून परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे आणि आपल्या शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा इथे आले. एवढ्या तोलाच्या माणसाचीही वाट पैशापायी अडली, तर आपल्याकडच्या गरीब घरांतल्या किती मुलांनी कोट चढवण्याआधीच तो उतरवला असेल!

भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, म्हणूनच ती पाळण्याची जबाबदारी आपल्यासारख्या चालत्या ऑफिसांवर अधिक येते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागल्याने सांगली, सोलापूर, रत्नागिरीकडची मुलेही आता आपल्या गावात काम शोधतील आणि त्यांना खोलीभाडे, खानावळ यांचा खर्च पहिल्या दिवसापासून असेल. ‘आम्हीही फुकटच राबलो’ असे बाररूममध्ये म्हणतात, पण त्यातले बहुतेक जण स्वतःच्या घरी राहून राबले होते.

माझी विनंती अशी की, आपल्या दोन्ही ज्युनिअरांना पुढच्या महिन्यापासून शिफारशीइतके मानधन सुरू करावे. सुरुवातीला ओढाताण झाली, तर माझ्या वाट्याची फी त्यात वळती करावी. आईशी मी बोलले आहे, तिची हरकत नाही. तुमचा निर्णय कळवा, म्हणजे परतल्यावर बार असोसिएशनपुढे ठराव मांडताना मला आपल्या ऑफिसचे उदाहरण देता येईल.

आपली,
धाकटी