उद्यमनगरच्या लेथवाल्या काकांना थँक्यू

काका नमस्कार,

तुम्ही काय मोबाईलवर एवढं वाचत बसणार नाही, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल म्हणून इथं लिहितोय.

आमच्या जुन्या मारुती ८०० चं हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवून ठेवलं होतं, रोज सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, म्हणजे सीलमधनं तेल आत उतरून जळतंय, व्हॉल्व्ह सील बदलायचे आणि हातासरशी व्हॉल्व्ह पण घासायचे, पण त्यासाठी व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर एका कामासाठी कोण विकत घेणार? भाड्यानं मिळेल का विचारायला आलो तर तुम्ही भंगारातनं एक सहा इंची सी-क्लॅम्प काढलात, पाइपचा तुकडा कापून त्याला ग्राइंडरनं बाजूला खिडकी पाडलीत आणि क्लॅम्पच्या न हलणाऱ्या टोकाला वेल्डिंग मारून दिलंत. झालं टूल तयार! पाइप स्प्रिंगच्या टोपीवर बसतो, स्क्रू दुसऱ्या बाजूनं व्हॉल्व्हच्या तोंडावर, आवळत गेलं की स्प्रिंग दबते आणि खिडकीतनं व्हॉल्व्ह अडकवून ठेवणारी ती दोन बारकी लॉकं चुंबकानं उचलायची. परत बसवताना ग्रीसचा ठिपका लावून चिकटवायची हे तुम्ही सांगितलं नसतं तर अजून फरशीवर बॅटरी घेऊन शोधत बसलो असतो.

हेड उलटं करून, प्लग लावून, रॉकेल भरून ठेवलं, पोर्टातनं, म्हणजे हवा-धुराच्या वाटेतनं, थेंब पण गळला नाही, व्हॉल्व्ह मस्त बसलेत.

तेलाच्या डब्याचा पत्रा आणि दोन होज क्लिपा लावून रिंग कॉम्प्रेसर (पिस्टनच्या रिंगा दाबून धरायचं टूल) करायचा तुमचा जुगाड मित्राच्या गाडीला वापरला, पत्र्याची धार कानसीनं मारून घेतली, भरपूर ऑईल लावलं, पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्यानं हळूहळू आत सरकवला, एकही रिंग तुटली नाही.

आणि हो, गाडीखाली लावायचे स्टँड पण वेल्डिंग करून द्या म्हटल्यावर मला जे झापलंत ना, ते बरंच केलंत. जिथं अंगावर गाडी येऊ शकते तिथं जुगाड नाही. हेडचे बोल्ट पण अंदाजानं आवळू दिले नाहीत, किती जोर लागतोय ते मोजणारा स्वतःचा टॉर्क रेंच काढून दिलात, मधनं सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. असं हत्यार कोण परक्याच्या हातात देतं हो?

आता टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा, बघायला जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून आत बोल्ट बसवायचाय. प्लग घेऊन येतो, टॅप तुमच्याकडे असेलच. पैसे तुम्ही घेत नाही, निदान चहा तरी माझ्याकडनं घ्या.