‘माहीत नाही’ या दोन शब्दांबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मोठेपणी आपले दत्तक असणे समजून घेणाऱ्यांच्या, आपण मोबाइलवर चालवलेल्या रविवारच्या समूहाची शेवटची बैठक होऊन तीन आठवडे झाले. निरोपाच्या वेळी प्रत्येकाने दोन शब्द बोलावेत असे आपण सुचवले आणि माझी पाळी आली तेव्हा मी मोबाइलसमोर मान खाली घालून बसून राहिले. त्या दिवशी राहून गेलेले आज लिहीत आहे. जाहीर लिहिते, कारण ज्यांनी मला यापूर्वी गप्प केले त्यांच्यापैकी एखाद्याच्या वाचनात हे यावे, अशी थोडी दुष्ट इच्छाही मनात आहे.

मी दत्तक आहे हे मला वयाच्या ३६व्या वर्षी कळले. वडिलांचे तेरावे होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, घराच्या वाटणीचा विषय निघाला आणि एका चुलतभावाने सर्वांदेखत ‘ही कुठे रक्ताची आहे’ असे म्हटले. आईने ते खोडून काढले नाही, तेव्हाच मी काय ते समजले. वकिलांनी कायद्याची बाजू दहा मिनिटांत सांगितली: १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार दत्तक घेतलेले मूल त्या दिवसापासून सर्व बाबतींत त्याच आईवडिलांचे अपत्य ठरते. घर राहिले. त्यानंतर वर्षभर मी वेणी घालताना आरशात पाहून आपले नाक कुणाचे असेल याचा विचार करीत असे, आणि त्यासाठी वकिलांकडे जाण्यात अर्थ नव्हता.

मदतीसाठी मी फिरले नाही असे नाही. एका समुपदेशकांनी वीस मिनिटांची पूर्ण फी घेऊन ‘एवढे चांगले आईवडील मिळाले, देवाचे आभार माना’ असा सल्ला दिला. मी ते मानत नव्हते, असे त्यांना कुणी सांगितले होते, कोण जाणे. नात्यातल्या एका मावशींनी मला कृतघ्न ठरवले. ज्या संस्थेतून मला आणले, ती सोलापुरातली नाही, तिथे गेले तर खिडकीतल्या गृहस्थांनी कपाटाकडे न पाहताच ‘जुनी मढी कशाला उकरता, बाई’ असे विचारले. ते मढे त्यांच्यासमोर पर्स धरून उभे होते.

अशा मनःस्थितीत आपला नावनोंदणीचा अर्ज आला. त्यात कुटुंबातील आजारांचा रकाना होता. ताई, या रकान्याशी माझे जुने वैर आहे. ‘घरात कुणाला शुगर, बीपी?’ असे कोणत्याही दवाखान्यात विचारतात. बाबांचा मधुमेह आणि आजीचा दमा मी ३६ वर्षे माझ्या नावापुढे सांगत आले, दोन्ही बाळंतपणांत तेच सांगितले, आणि सत्य कळल्यानंतर मात्र त्या जागी एक आडवी रेघ ओढून कागद घाईने उलटा करू लागले. आपल्या अर्जात त्या रकान्याखाली निळ्या शाईने, हाताने लिहिलेली एक ओळ होती: ‘माहीत नाही, हेही पूर्ण उत्तर आहे.’ कागदाचा फोटो किंचित तिरका आला होता आणि ‘पूर्ण’ या शब्दाखाली आपण रेघ मारली होती. हा अर्ज सर्वांना एकच गेला असणार, हे मला कळते. तरीही ती ओळ मी कारखान्यातल्या खुर्चीवर बसून किती वेळा वाचली ते सांगत नाही. पुढच्या बारा बैठकींत आपण जे काही केलेत त्याचे मोल मोठेच आहे, पण माझ्यासाठी गाठ सुटली ती तिथे.

बैठकीला मी कुठून बसत असे हे आपल्याला पूर्ण सांगितले नव्हते. दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलणे म्हणजे सर्वांना कान देण्याचे निमंत्रणच. सोलापूर चादरींसाठी ओळखले जात असले तरी मी हिशेब पाहते तो कारखाना शाळेचे गणवेश शिवतो. रविवारी संध्याकाळी तिथल्या कटिंगच्या टेबलावर ताग्याला मोबाइल टेकवून मी बसत असे. भोवतीच्या खाकी आणि निळ्या कापडाच्या थप्प्या आवाज गिळून टाकत. मालकांनी किल्ली देताना कारण विचारले नाही, निघताना मेन स्विच बंद करा एवढेच म्हणाले. चांगुलपणाची मोठमोठी भाषणे मी ऐकली आहेत. माझ्या अनुभवात तो बहुधा असा, चौकशी न करता, येतो.

समूहातले बाहेर न्यायचे नाही हा नियम मी पाळणार आहे. एकाच सहकाऱ्याचे एक वाक्य, त्यांना विचारून, इथे देते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये यशवंतला दत्तक घेतले हे सर्वांना शाळेत शिकवतात, पण यशवंतला काय वाटत होते हे एकाही गुरुजींनी विचारले नाही, असे ते म्हणाले, आणि आम्ही आठही जण प्रथमच मोकळेपणी हसलो.

मूळ शोधाच्या, म्हणजे जन्मदात्यांचा शोध घेण्याबद्दलच्या, बैठकीसाठीही आपले ऋण मानते. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार १८ वर्षांवरील दत्तक व्यक्ती अशा शोधाचा अर्ज स्वतः करू शकते, हे सांगून आपण थांबू शकला असता. जन्मदात्यांच्या गोपनीयतेचा हक्क त्यामुळे बाधित होत नाही, म्हणजे हाती काही न लागण्याचीही तयारी हवी, हेही आपण त्याच शांत आवाजात सांगितलेत. मी अजून अर्ज केलेला नाही. घाई वाटत नाही.

आईला मी या समूहाबद्दल सहाव्या बैठकीनंतर सांगितले. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, ‘तुला आणले तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती. स्टँडवरून रिक्षा मिळेना. तुझे बाबा तुला छातीशी धरून घरापर्यंत चालत आले, मला एकदाही घेऊ दिले नाही.’ पुढचे मी विचारले नाही. दोन दिवसांनी तिने आपणहून सांगितले.

गेल्या मंगळवारी रक्तदाब तपासायला गेले होते. नवा दवाखाना, नवा कागद, तोच रकाना. मी सरळ लिहिले: ‘माहीत नाही.’ सिस्टरनी ते वाचले, ‘बरं’ म्हणाल्या आणि दंडाला पट्टा बांधू लागल्या.

आपली,
रविवारच्या समूहातील सोलापूरची